सात नंबरच्या तीन गाठी

शाळेत असताना मी सगळ्यांना सांगायचे, माझी आत्या राजवाड्यात राहते. पोरी फिदीफिदी हसायच्या. तसं ते खोटं नव्हतं आणि पूर्ण खरंही नव्हतं. राजवाड्याचं आता हॉटेल झालंय, आणि आत्या राहते मागच्या क्वार्टर्समध्ये, जिथे पूर्वी घोडे बांधायचे. मी नववीत शाळा सोडली तेव्हा बाबांनी डोक्याला हात लावला. आत्या म्हणाली, "माझ्याकडे पाठवून दे. निदान चादर तरी सरळ घालायला शिकेल." तेव्हापासून मीसुद्धा घोड्यांच्या जागी राहते.

हे सगळं मी आत्याबद्दल लिहितेय. तिच्याबद्दल कुणी लिहिणार नाही म्हणून. आणि माझ्यामुळे एक म्हातारा माणूस मरता मरता वाचला, आत्याच्या सव्वीस वर्षांवर बोळा फिरता फिरता राहिला, ते मला कुणाला तरी सांगायचंय म्हणून.

आत्या पहिल्या मजल्याची प्रमुख. बारा खोल्या. छतावर रंगवलेले पक्षी, पितळी पाय असलेले टब, आणि पलंग एवढे उंच की चढायला लाकडी पायरी ठेवलेली. पाहुणे आले की आधी फोटो काढतात, मग चपला. आत्या त्या पलंगांवर सव्वीस वर्षं चादरी घालतेय आणि एकदाही त्यावर बसलेली नाही. मी एकदा बसले होते, गंमत म्हणून, जेमतेम एक क्षण. तिने खोलीत पाय टाकला, चादरीकडे बघितलं आणि म्हणाली, "डाव्या बाजूला बसली होतीस. उठ, परत घाल." चादरीला हात न लावता ओळखलं बाईने. हॉटेलात सगळेच तिला आत्या म्हणतात, स्वयंपाकघरातल्या टकल्यापासून मॅनेजरपर्यंत. सख्खी मात्र ती फक्त माझी.

मॅनेजरचं नाव आम्ही टाय ठेवलंय. तो जेवताना टाय खांद्यावर टाकतो, म्हणून. माणूस वाईट नाही. नवीन आहे, आणि नवीन माणसाला सगळं जुनं घाण वाटतं.

आता पोटाबद्दल सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. राजेलोकांना नोकरमाणसं दिसलेली चालायची नाहीत. पाणी हवं, विस्तव हवा, पण आणणारा दिसायला नको. म्हणून खोल्यांच्या मागे, भिंतीच्या आतून, एक अरुंद बोळ काढलाय. प्रत्येक खोलीत त्याचं एक छोटं दार उघडतं. खोलीच्या बाजूने त्यावर भिंतीचाच कागद चिकटवलाय, त्यामुळे पाहुण्याला दार आहे हे कळतही नाही. कडी बोळाच्या बाजूने. आम्ही त्या बोळाला पोट म्हणतो. "चादरी घे आणि पोटातून जा," असं चालतं आमचं. आत वळणावर एक बल्ब आहे, तोही मनात आलं तर लागतो. बारा नंबरच्या पुढे पोट संपतं आणि खड्डा लागतो. पूर्वी तिथून दोरावर बादल्या ओढायचे. वरपासून तळघरापर्यंत सरळ विहिरीसारखा. त्यावर फळ्या ठोकलेल्या असतात.

आणि पोटात आत्याच्या चिंध्या असतात. म्हणजे असायच्या, मी काढेपर्यंत.

प्रत्येक दाराशेजारी खुंटी. खुंटीवर जुन्या चादरीची पट्टी. पट्टी नाही म्हणजे खोली रिकामी, कडी उघडी ठेवा, चादरींचा गठ्ठा घेऊन थेट आत शिरा. एक गाठ म्हणजे खोली लागली आहे, पाहुणा बाहेर गेलाय. दोन गाठी म्हणजे पाहुणा आत आहे, कडी घाला, पुढच्या दाराने टकटक करा. तीन गाठी म्हणजे लहान मूल किंवा म्हातारं माणूस, कडी घाला आणि परत एकदा ओढून बघा. अंधारात हात आधी गाठीवर जातो, मग कडीवर. कुठे लिहिलेलं नाही. आत्याला लिहायचा कंटाळा आहे, आणि पोटात वाचणार कोण?

टायने आम्हाला टॅब दिले. खोलीचा नंबर, पाहुण्याची वेळ, सगळं त्यात. मला तो टॅब फार आवडला. नववीपर्यंत कुणी माझ्या हातात एवढी महाग वस्तू दिली नव्हती. आत्याने आपला टॅब उशांच्या कपाटात ठेवला, वर अभ्रा घालून. "थंडी लागेल त्याला," म्हणाली. टॅबची एकच गोम होती. तीन फुटी भिंतींच्या आत तो आंधळा व्हायचा.

त्या दिवशी दुपारी दोनला मुख्य ऑफिसची माणसं तपासणीला येणार होती. आठ ते बारा आणि सहा नंबर त्यांच्यासाठी रिकाम्या ठेवल्या होत्या. मधल्या सातमध्ये दोन दिवसांपासून पाहुणे होते, एक बाई आणि तिचे म्हातारे वडील. आल्या आल्या तिने आत्याला बाजूला घेतलं होतं.

"मावशी, बाबांना हल्ली काही आठवत नाही. रखवालदार होते, चाळीस वर्षं. दिसेल ते दार तपासत बसतात. जरा लक्ष ठेवाल?"

"काळजी करू नका," आत्या म्हणाली आणि पोटात जाऊन तिने सातच्या खुंटीवर तीन गाठींची पट्टी बांधली. तिच्या हिशोबाने ते सगळ्यांना सांगून झालं.

सकाळी टाय पोटात डोकावला. त्याने नाकाला रुमाल लावला. "ह्या काय चिंध्या लटकवल्यात? तपासणीवाल्यांना हे दाखवू? काढा सगळं. आणि खड्ड्यावरच्या फळ्या सडल्यात, त्याही बदला."

आत्या खाली लॉन्ड्रीत चादरी मोजत होती. विचारायला दोन मिनिटं लागली असती. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. टॅब हातात असताना बोटांनी गाठी चाचपायच्या म्हणजे मला लाज वाटायची. बाराही खुंट्या मी मोकळ्या केल्या, पट्ट्या पिशवीत कोंबल्या आणि लॉन्ड्रीच्या गाडीत टाकल्या.

साडेअकराला किंकाळी ऐकू आली.

मी धावले. सातच्या दारात ती बाई उभी, केस ओले, हातात किल्ली. "मी बाहेरून कुलूप लावून गेले होते! अर्धा तास फक्त! खाली पार्लरमध्ये केस धुवायला! बाबा नाहीत आत!"

टाय आला, त्याच्या मागून गेटवरचा गार्ड. पलंगाखाली बघितलं. टबमध्ये बघितलं. कपाट उघडलं. खिडक्या आतून बंद. पलंगावर पांघरूण एका बाजूला सारलेलं, खाली चपला तशाच. चष्माही तसाच.

"कुलूप लागलं नसेल नीट," टाय म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम. "बागेत बघा! तळ्याकडे दोघं जा! गेट बंद करा!"

"लागलं होतं! मी आत्ता उघडलं!" बाई ओरडली. "भिंतीतून गेले का ते?"

तेवढ्यात आत्या आली. ती कधी धावत नाही, तेव्हाही धावली नाही. कुणाशी न बोलता सरळ भिंतीपाशी गेली, जिथे कागदावर बोरूची झाडं काढलीत, आणि तळव्याने ढकललं. दार उघडलं. कडी घातलेली नव्हती.



आत्याने हात आत घालून खुंटी चाचपली. खुंटी रिकामी. मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. टायकडे नाही, माझ्याकडे.

"चिंध्या?"

"लॉन्ड्रीत," मी म्हणाले. "टॅबवर आहे ना सगळं."

दारात चष्मिष उभी होती, आमच्याच मजल्यावर काम करणारी, चादरी छातीशी धरून. ती आठवड्याच्या सुट्टीवरून त्याच दिवशी आलेली. तिचा चेहरा पांढरा पडला. "मी गेले होते आत," ती कशीबशी म्हणाली. "खुंटीवर काही नव्हतं, मला वाटलं रिकामी. आत बघते तर आजोबा झोपलेले. घाबरून मागे आले, हात भरलेले होते, पायाने दार लोटलं... कडी... आत्या, कडी राहिली."

आणि त्याच क्षणी मला फळ्या आठवल्या.

"आत्या, सुतारकाकाने सकाळीच फळ्या काढल्यात. नवीन आणायला गेलाय तो."

"दोरी तरी बांधली का आडवी?"

"माहीत नाही."

टायने खिशातून मोबाइल काढून टॉर्च लावला आणि दाराकडे निघाला. बाईने त्याची बाही धरली. "उजेड नको! डोळ्यांवर उजेड आला की ते मागे मागे सरकतात. हाका मारल्या तर लपतात."

"बघा, तुम्ही सगळे बागेत जा," आत्या म्हणाली. तिने बूट काढले. "इथे गर्दी नको. ताई, तुम्ही इथेच बसा. आणि तू," मला, "माझ्या मागे. टॉर्च लावलास तर हात तोडीन."

पोटात मी रोज दहा वेळा जायचे. पण वळणावर बल्ब लागलेला असला की तो अंधार वेगळा. त्या दिवशी मला माझं नाकसुद्धा दिसत नव्हतं. वळणावरचा बल्ब सुतारकाकाने वायरीसकट काढून ठेवला होता. आत्याचा श्वास ऐकू येत होता, आणि भिंतीवरून सरकणारा तिचा तळवा.

डावीकडे सहा, उजवीकडे आठ. कुठे गेला असेल म्हातारा? डावीकडे जिना आहे, जिन्यावर पडला तर निदान हाडं मोडतील. उजवीकडे खड्डा.

ती आधी डावीकडे गेली. सहाची कडी चाचपली. "उघडी," ती पुटपुटली. मागे फिरली. आठ पावलं. आठची कडी.

"बंद."

"म्हणजे?" मी कानात विचारलं.

"सकाळी उघडी होती. रखवालदार आहे तो. गस्त घालतोय. उघडं सापडेल ते बंद करत चाललाय."

आठ ते बारा सगळ्या कड्या उघड्या होत्या, तपासणीवाल्यांसाठी. म्हणजे म्हाताऱ्याला एकामागून एक दार सापडत जाणार, आणि बारा नंबरनंतरही तो पुढचं दार शोधणार.

"धाव ना, आत्या!"

"पाय वाजले की तो पुढे सरकेल."

नऊ. बंद. दहा. बंद. मी आतल्या आत स्वतःला शिव्या घालत होते. एक चिंधी. एका चिंधीसाठी दोन मिनिटं विचारायला गेले नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला विचारायची सवयच नाही. मला तेव्हा ते कौतुक वाटायचं.

अकरा. बंद.

पुढे अंधारात आवाज आला. खट्. बाराची कडी.

आत्या थांबली. मी तिच्या पाठीवर आदळले. पुढे कुणीतरी पाय घासत चाललं होतं, अनवाणी, सावकाश, एका हाताने भिंत थोपटत. थप, थप. मग थोपटणं थांबलं.

आत्या बोलली. हाक नाही मारली. पाळी बदलताना आम्ही एकमेकींशी बोलतो ना, अगदी तसं, कामाच्या आवाजात.

"कोण आहे गस्तीला?"

मग जाड, खरखरीत आवाज. "मीच आहे. तू कोण?"

"बदलीला आलेय."

"बाई?"

"हो, बाई. माणसं कमी पडलीत, काय करणार."

म्हातारा हसला. "माणसं नेहमीच कमी पडतात. वेळ काय झाली?"

"सहाला पाच कमी."

"वेळेआधी आलीस. चांगलंय. आधीचा बेटा कायम उशिरा." पाय परत घासला. "एक दार राहिलंय. सापडत नाही. इथे भिंतच संपलीय."

मला ओरडायचं होतं. आत्याने मागे हात घालून माझं मनगट इतकं दाबलं की नंतर चार दिवस निळं होतं.

"भिंतीवरचा हात सोडू नका," ती म्हणाली. बोलता बोलता एकेक पाऊल पुढे. "ते दार आजपासून माझ्या यादीत आहे."

"तुझ्या यादीत कसं? राहिलं तर ठपका माझ्यावर."

"साहेबांनी बदललं."

"कुठल्या साहेबांनी?"

"टायवाल्या."

"सगळे टायवालेच असतात," म्हातारा वैतागून म्हणाला. "कागद आहे?"

"नाही. तोंडी."

"मग मी बघणारच."

काहीतरी सुटलं. भिंतीचा तुकडा असावा. पडला आणि आवाज आलाच नाही. मग बऱ्याच वेळाने, खूप खालून, टक् ऐकू आलं. दोरी बांधलेली नव्हती. एका हाताने मी बाराची कडी धरली, दुसऱ्या हाताने आत्याच्या ॲप्रनची मागची गाठ. ती गाठ तिने सकाळी स्वतः बांधली होती, म्हणून मला तेवढा भरवसा.

"किल्ल्या द्या," आत्या म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. "किल्ल्या हातात मिळाल्याशिवाय मी पाळी घेत नाही. मागच्या वेळी एक कमी निघाली होती."

म्हातारा विचार करत असावा. "हे बरोबर बोललीस. ये, घे. मी जागा सोडून येणार नाही."

"आले. हात पुढे करा. माझ्याकडे. असा."

ॲप्रन ताणला गेला. मी कडीला लोंबकळले. बिजागरी कुरकुरली. मग आत्याचा श्वास सुटला, आणि मला कळलं की तिने त्याचं मनगट पकडलंय.

"सापडल्या का?" म्हातारा म्हणाला.

"सापडल्या. सगळ्या आहेत. चला, तुमची पाळी संपली. चहा तयार आहे."

"साखर कमी."

"कमीच सांगितलीय."

किल्ल्या म्हणून त्याच्या हातात चष्म्याची रिकामी डबी होती. ती आत्याने ॲप्रनच्या खिशात टाकली आणि त्याला भिंतीच्या बाजूने घेऊन, दार दार मोजत, परत आणलं. सातमध्ये आल्यावर त्याची मुलगी त्याच्या गळ्यात पडली आणि हमसून रडायला लागली. तो रागावला. "ड्युटीवर रडायचं नाही."

मी पोटातच बसून राहिले.

एक वाजता टायच्या ऑफिसात आम्ही तिघी उभ्या. आत्या, चष्मिष आणि मी. टायने टाय सैल केला होता. टेबलावर कागद. "तपासणीवाले तासाभरात येतील. पाहुण्यांनी तक्रार केली तर मला उत्तर द्यावं लागेल. कडी कुणी उघडी ठेवली?"

चष्मिष रडायला लागली.

"मजला माझा," आत्या म्हणाली. "काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा."

"आत्या, थांब," मी म्हणाले.

"तू गप."

"नाही गप बसणार! साहेब, पट्ट्या मी काढल्या. तिला न विचारता. आणि तुम्ही सांगितलंत म्हणून काढल्या. फळ्या पण तुम्हीच काढायला लावल्यात, आणि आडवी दोरीसुद्धा बांधली नाही. ही आत गेली नसती तर तुम्ही अजून तळ्यात बांबू घालत बसला असता!"

"कार्टे!" आत्या माझ्यावर खेकसली. सव्वीस वर्षांत तिने साहेबापुढे आवाज चढवला नव्हता. तो चढवला, तोही माझ्यावर.

टायने पेन उचललं. कान लाल. दार उघडून सातची बाई आत आली. केस तसेच ओले. ती म्हणाली, "मी तक्रार करणार नाही. कुलूप लावून मीच गेले होते. मला एवढंच सांगा, त्या गाठी परत बांधणार की नाही? अजून तीन दिवस राहायचंय आम्हाला."

"बांधणार," टाय म्हणाला. एवढं मात्र त्याने लगेच म्हटलं.

पण कागद त्याने लिहिलाच. मला दीड महिना लॉन्ड्री. चष्मिषला तोंडी समज. आत्याला लेखी. मजल्याची प्रमुख म्हणून. स्वतःचं नाव त्याने कुठेच घातलं नाही. सव्वीस वर्षांतला पहिला कागद. मी तो तिच्या हातातून ओढून फाडणार होते.

"दे इकडे," ती म्हणाली. "माझा आहे तो." घडी घालून खिशात ठेवला, चष्म्याच्या डबीशेजारी.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. एकाच खोलीत आम्ही, घोड्यांच्या. चहा माझ्यासमोर ठेवायची, पण एक शब्द नाही. मी लॉन्ड्रीत पहिल्या दिवशी त्या पट्ट्या धुतल्या, वाळवल्या आणि चष्मिषबरोबर वर पाठवल्या. चष्मिष येऊन सांगायची. रोज संध्याकाळी पाच वाजता आत्या सातच्या आजोबांना घेऊन पोटात जाते. उजेड आहे आता, खड्ड्यावर नवीन फळ्या आहेत. म्हातारा पुढे, आत्या मागे. तो कडी ओढून बघतो, ती "बरोबर" म्हणते. बारा झाल्या की तो तिला डबी देतो, आणि ती सकाळी परत करते. "टायने बघितलं," चष्मिष म्हणाली. "काही बोलला नाही. बाजूला सरकला."

चौथ्या दिवशी ते दोघं निघाले. डबी त्यांच्याबरोबर गेली. दुपारी आत्या लॉन्ड्रीच्या दारात आली. माझे हात कोपरापर्यंत साबणात.

"हात पूस. चल."

मी तिच्या मागे वर गेले. पोटात शिरल्यावर तिने बल्ब बंद केला. सातच्या खुंटीवरून पट्टी काढून, गाठी सोडून, तिने ती माझ्या हातात दिली.

"उद्या इथे एक बाळ येतंय. बांध."

मी अंधारात बांधल्या. एक, दोन, तीन. तिने हात फिरवला.

"तिसरी सैल आहे. सोड. परत."

मी सोडल्या आणि परत बांधायला लागले. ती तिथेच उभी राहिली.